आपल्यातला

डंडीत दुपारी चारलाच अंधार पडतो.
त्या अंधारात, नऊ विहिरींचं नाव लावणाऱ्या इस्पितळात
डॉक्टर मकाले म्हणाल्या, गर्भात दोष नव्हता.
तिन्ही चांगले होते.
पाठ्यपुस्तकात छापावेत असे.

मग?

मग रक्ताचा अहवाल. त्यातल्या एका शब्दात लांडगा होता,
ल्युपस, लॅटिनमधला,
आणि त्याच्या शेपटाला अँटिकोॲग्युलंट.
म्हणजे रक्त पातळ करणारं ना, मी विचारलं.
नाही, नुसतं नाव तसं. तुमच्या शरीरात ते गुठळ्या करतं.
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.
हे त्यांना सांगता आलं नाही. हसू मात्र आलं,
आणि त्यांनी टिश्यूचं खोकं पुढे सरकवलं.

बारा आठवड्यांनी पुन्हा तपासू, म्हणाल्या.
एकदा दिसलं म्हणून खरं धरायचं नसतं.

बारा आठवडे मी कामावर गेले.
तागाच्या संग्रहालयात शाळेतल्या पोरांना सांगत राहिले:
बंगालातून गासड्या यायच्या, बोटीनं.
ताग राठ, कोरडा. इथल्या यंत्रांवर टिकेना,
तटातट तुटायचा.
मग कुणीतरी त्यावर देवमाशाचं तेल शिंपडलं.
तेव्हा कुठे तो या गावाचा झाला.
पोरं नाकं मुरडतात.
एक मुलगी विचारते, माशाला दुखलं का?
हो, म्हणते. दुखलं असणार.

दुसरा अहवालही तोच आला.

रक्ताला कळत नाही, आपलं कोण.
सगळ्या कागदांतून मला एवढंच समजलं.
ते घरातल्याच भिंतींना विचारत फिरतं, तुम्ही कोण?
आवाज ओळखीचा वाटला.
शकुमावशीचा.
वसईच्या मेल्विनचं नाव मी पहिल्यांदा काढलं तेव्हा
तव्यावरची पोळी तशीच ठेवून ती म्हणाली होती,
"आपल्यातला नाही ना गं?"
वाईट मनानं नाही. सवयीनं.
पोळी करपली.

त्या प्रश्नापासून मी इतक्या लांब आले
आणि तो माझ्याच नसांतून आला,
बॅगेत न भरलेला, कस्टमला न सापडलेला.
तीनदा त्यानं उंबऱ्यावर अडवून विचारलं असेल.
खसखशीहून लहान जीव.
अर्धा मेल्विन, अर्धी मी.
काय सांगणार?

आई फोनवर म्हणाली, कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं,
आणि तिनंच जीभ चावली.
मी म्हटलं, कुंपणाला दिसत नसेल गं शेत.
इथे अंधार लवकर पडतो.

आता रोज रात्री साडेनऊला
मेल्विन हात धुतो, हेपारिनची सुई काढतो,
विचारतो, डावीकडे की उजवीकडे?
ओटीपोटावर जांभळे डाग, जुने पिवळट होत आलेले.
विमानाच्या आदल्या रात्री शकुमावशीनंच ओटी भरली होती माझी:
खण, नारळ, मुठी मुठी तांदूळ.
निघताना मेल्विनच्या हातातही एक नारळ दिला,
त्याच्याकडे न बघता.
आता तो भरतो. चिमटीत कातडी धरून
दहा आकडे मोजतो, वसईच्या हेलात,
सातवर नेहमी अडखळतो,
आणि सुई पिवळ्या डब्यात टाकतो.

चौथा परवा ठेवला.
फ्रीजवरच्या कॅलेंडरवर काहीच लिहिलेलं नाही.

दिवा मालवला की मी रक्ताशी बोलते,
पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं, दबक्या आवाजात:
हा...
नाव अजून नाही.
माझ्याकडचा आहे, एवढं धरून चाल.
नसेल पटत तर नसू दे,
पण दारात उभं करून विचारू नकोस काही.
आत घे.
आधी चहा टाक.